वाऱ्याच्या दिवशी गळाची स्पर्धा

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, हे आपण सगळेच शाळेच्या पुस्तकात वाचतो. पुढे त्याचा विसर पडतो. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर या गावांतल्या आपल्या घरांत भाताबरोबर मासळीचा रस्सा आवडीने खाल्ला जातो. पण मासा येतो कुठून, तो कोण वाढवतो, कोण पकडतो, हे फार थोड्या घरांत माहीत असते. आपली ओळख बाजारातल्या टोपलीशी आणि काट्याशी असते, तलावाशी नसते.

आम्ही काही नातेवाईक आणि मित्र मिळून वर्षातून दोन-तीनदा गळाने मासे धरायची स्पर्धा घेतो. गट लहान आहे. त्याला नाव नाही, पावती-पुस्तक नाही. त्यात गॅरेजवाले आहेत, शिक्षक आहेत, एक दर्जी आहेत, सुटीत आलेली मुले-मुली आहेत. शांत, उन्हाच्या दिवशी अशा स्पर्धेत ज्याचे नशीब चांगले तो जिंकतो. वाऱ्याच्या दिवशी मात्र तलावाची ज्याला ओळख आहे तो जिंकतो, आणि ती ओळख कोणाकडे असते हे गेल्या एका हिवाळ्यात आम्हाला नीट समजले. त्याच दिवसाबद्दल आणि त्या निमित्ताने आपल्या तलावांबद्दल हा लेख आहे.

तलाव कोणाचा, मासा कोणाचा?

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. हा मामा नात्यातला नव्हे; ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची ती पहिली अक्षरे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी उताराच्या खालच्या बाजूला मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवले आणि त्यावर धान आणि ऊस पिकवला. 1916 साली प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या ग्रंथातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे अशीच दिली आहे. पुढे मालगुजार आले, तलाव त्यांच्या ताब्यात गेले. तेव्हा भंडारा मध्य प्रांतात होता. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. गावकऱ्यांचे पाणी, गुरे आणि वापराचे ‘निस्तार’ हक्क तेवढे राहिले. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आजही आहेत. भंडारा आणि 1999 साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया, या दोन जिल्ह्यांत त्यांची मोठी दाटी आहे.

तलावात मासेमारीचा हक्क आज बहुतेक ठिकाणी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. संस्थेत मुख्यतः ढीवर समाजाची कुटुंबे असतात. ही माणसे ठेक्याची रक्कम भरतात, पावसाळ्यात मत्स्यबीज किंवा बोटुकली विकत आणून तलावात सोडतात, चोरट्यांपासून पाण्याची राखण करतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जाळे टाकून पोट भरतात. अनेक तलावांत ती शिंगाड्याचेही पीक घेतात. म्हणजे आपण गळाला लावलेला दोन किलोचा रोहू हा कोणी तरी पैसे घालून, दोन-तीन वर्षे वाट पाहून वाढवलेला असतो. नदीतल्या माशाची गोष्ट वेगळी, तलावातल्या माशाची वेगळी.

जिल्ह्यात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ही संस्था आणि तिचे मनीष राजनकर यांनी ढीवर संस्थांबरोबर बरीच वर्षे काम केले आहे. बेशरमाची झाडे उपटून तलावात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे, म्हणजे मरळीसारख्या स्थानिक माशांना खायला आणि अंडी घालायला जागा मिळते, असे ते काम. यात ढीवर कुटुंबांकडचे पिढीजात ज्ञान वापरले गेले. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा राहतो, हे त्यांना पाठ असते.

म्हणून आमच्या गटाचा पहिला नियम असा की, संस्थेला विचारल्याशिवाय पाण्यात गळ पडणार नाही. दुसरा नियम, धरलेला मासा संस्थेच्या दराने विकत घ्यायचा. तिसरा, अर्ध्या किलोखालचा मासा लगेच पाण्यात परत आणि तो मोजायचा नाही.

स्पर्धा कशी असते?

गळाच्या मासेमारीची शिस्तबद्ध स्पर्धा हा खेळ मुख्यतः इंग्लंडचा. तिथल्या क्लबांनी 1903 साली राष्ट्रीय संघटना बनवली आणि 1906 साली राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. गिरणी-कारखान्यांत काम करणारी माणसे सुटीच्या दिवशी कालव्यांच्या काठी ओळीने बसत. पद्धत साधी आहे. काठावर ठरावीक अंतरावर खुंट्या ठोकतात, प्रत्येक खुंटीला नंबर असतो, चिठ्ठ्या काढून जागा ठरते. शिट्टी वाजली की सगळे एकदम सुरू करतात, पुन्हा शिट्टी वाजली की थांबतात. धरलेले मासे पाण्यातच जाळीच्या लांब पिशवीत जिवंत ठेवतात, शेवटी वजन करतात आणि सोडून देतात. ज्याचे एकूण वजन जास्त, तो पहिला. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन अनेक दशकांपासून आहे आणि तिथेही गळाने मासे धरणारे एकत्र येतात.

आम्ही चिठ्ठ्या, नंबर आणि शिट्टी हे तिन्ही घेतले. मासे सोडण्याबाबत मात्र आमच्यात बराच खल झाला. मासा नुसत्या गंमतीसाठी दुखवायचा आणि पुन्हा सोडायचा, हे आमच्यातल्या थोरल्यांना पटले नाही. शिकार ही खाण्यासाठी असावी, नुसत्या खेळासाठी जीव त्रासात घालू नये, असे आपल्याकडे शिकवले जाते. म्हणून खाण्याजोगा मासा खायलाच घ्यायचा, तो पाण्याबाहेर तडफडत ठेवायचा नाही आणि जिवंत बेडूक गळाला टोचून आमिष करायचे नाही, असे ठरले. माशाला जबह लागत नाही, पण म्हणून त्याला त्रास होत नाही असे नाही.

दुसरा खल पैशांचा. पहिल्या वर्षी एकाने सुचवले होते की, प्रत्येकाने तीनशे रुपये काढावेत आणि जिंकणाऱ्याने सगळे न्यावेत. आमच्या मामूंनी तिथेच हात वर केला. सगळ्यांनी पैसे टाकायचे आणि एकाने उचलायचे, याला बहुसंख्य उलमा जुगारच म्हणतात, मग तो पत्त्यांवर असो की माशांवर. मग मार्ग निघाला. प्रत्येक काठीमागे तीनशे रुपये घ्यायचे, पण ते संस्थेची फी म्हणून द्यायचे. बक्षीस स्पर्धेत भाग न घेणाऱ्या कोणी आपल्या खुशीने द्यायचे. त्या हिवाळ्यात ते मामूंनीच दिले, एक चांगला टॉर्च. मामू गळ टाकत नाहीत. ते शिट्टी वाजवतात, वजन लिहितात आणि चहा करतात.

वारा पाण्याचे काय करतो?

त्या दिवसाकडे वळण्याआधी थोडी माहिती द्यायला हवी, कारण पुढची सगळी गंमत तिच्यावर आहे.

वारा वाहू लागला की तलावाचे वरचे पाणी वाऱ्याबरोबर सरकते. त्या पाण्याबरोबर तरंगणारे किडे, बिया, पाने आणि पाण्यातले सूक्ष्म जीवही सरकतात. हे सगळे वारा ज्या काठावर आदळतो त्या काठाशी जमा होते. तिथे आलेले पाणी कुठे तरी जायलाच हवे. ते खाली दबते आणि तळाने उलट दिशेने परत जाते. म्हणजे वर एक प्रवाह, खाली त्याच्या उलटा दुसरा. शिवाय लाटा फुटल्या की हवा पाण्यात मिसळते, प्राणवायू वाढतो. दमट, कोंडलेल्या दिवशी पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात, ते प्राणवायू कमी झाल्यामुळे. वारा सुटला की हा त्रास संपतो आणि मासा खायला फिरू लागतो. काठाशी लाटांनी गढूळ झालेल्या पाण्यात त्याला भीतीही कमी वाटते.

थोडक्यात, वारा माशाला सोयीचा आणि माणसाला गैरसोयीचा. काठीच्या टोकापासून पाण्यापर्यंतच्या तंगुसाला पोट सुटते, तरंगणारी कांडी ओढली जाते, आमिष जागेवर राहत नाही. मासा लागला की नाही हे कळत नाही. डोळ्यांत पाणी येते, बोटे गारठतात. म्हणून साहजिकच माणूस वाऱ्याकडे पाठ करून झाडांच्या आडोशाला बसतो. त्याच जागी पाणी शांत, स्वच्छ आणि बहुधा रिकामे असते.

नोव्हेंबरचा तो रविवार

साकोली तालुक्यातला एक मामा तलाव आम्ही ठरवला होता. नोव्हेंबरचा शेवट. शेतात धान कापून पडलेले, काही ठिकाणी पुंजणे उभे. बंगालच्या उपसागरात वादळ उठले की आपल्याकडे ढग येतात आणि ईशान्येचा गार वारा सुटतो, हे भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्या सकाळी नेमके तसेच झाले. वाटेत शेतकरी पुंजण्यांवर ताडपत्री बांधताना दिसले. आमच्यातल्या दोघांनी परत फिरू या असे म्हटले. पण फी आधीच दिलेली होती, आणि मुले गाडीतून उतरून पाळीवर पळालीसुद्धा होती.

पाळ तलावाच्या नैर्ऋत्येला होती. म्हणजे वारा तलाव ओलांडून सरळ पाळीवर येत होता आणि दगडी पिचिंगवर लाटा फुटत होत्या. समोरच्या ईशान्य काठाला मोहाची आणि आंब्याची झाडे. तिथे पाणी आरशासारखे.

संस्थेचे एक वयस्क सभासद आम्हाला जागा दाखवायला आले होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी पाण्याकडे पाहिले, थोडी माती उचलून वाऱ्यावर सोडली आणि म्हणाले, “पाळीवरच बसा जी आज. मासा इकडंच हाये. तिकडं सावली मिळन, मासा नाही मिळन.”

बारा जण होतो. पाळीवर सहा जागा, समोरच्या काठावर सहा. चिठ्ठ्या निघाल्या. ज्यांना समोरचा काठ मिळाला ते खुश झाले. ज्यांना पाळ मिळाली त्यांनी मफलरी बांधल्या. काकांचे बोलणे सगळ्यांनी ऐकले होते, पण त्या वाऱ्यात ते मनापासून कोणाला पटले असेल असे वाटत नाही. पाळीवरच्या सहा जणांत तुमसरचे आमचे गॅरेजवाले भाई होते आणि आमची नववीतली भाची होती. तिच्याकडे रीळ नव्हते. साधी बांबूची काठी, तिच्या लांबीएवढाच तंगूस.

आठ वाजता शिट्टी झाली. पहिला तास पाळीवरच्यांचा नुसता झगडण्यात गेला. ज्यांच्याकडे महागडे रॉड होते ते सवयीने लांब फेकत होते. वाऱ्याविरुद्ध फेकलेला हलका गळ अर्ध्या वाटेतच पडे, आणि जो पडे तो लाटांबरोबर परत पायाशी येई. शेवटी भाईंनी पद्धत बदलली. त्यांनी शिसे वाढवले, गळाची खोली पाण्याच्या खोलीपेक्षा वीतभर जास्त ठेवली, म्हणजे आमिष आणि थोडा तंगूस तळाशी टेकून राहील आणि वरच्या लाटेने हलणार नाही. गळ टाकल्यावर रॉडचे टोक पाण्यात बुडवून एक हिसका दिला की तंगूस पाण्याखाली जातो आणि वाऱ्याला धरायला काही उरत नाही. लांब फेकणे त्यांनी सोडूनच दिले. काठापासून आठ-दहा हातांवर, जिथे गढूळ पाणी संपून काळसर पाणी सुरू होत होते, तिथे ते टाकत राहिले.

चाऱ्याचेही तसेच. कोंडा आणि पेंड यांचा मोकळा चारा वाऱ्यात उडून कपड्यांवर येत होता. भाईंनी त्यात चिकणमाती मिसळून लिंबाएवढे घट्ट गोळे केले. ते सरळ बुडत आणि तळाशी हळूहळू सुटत. मृगल तळाचा मासा, तो आधी आला. रोहू मधल्या पाण्यात फिरतो, तो नंतर आला. कतल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या पाण्यात खातो; वाऱ्याने वरचा खाऊ पाळीशी लोटला होता, म्हणून कतलाही त्या दिवशी हाताच्या अंतरावर होता.

भाचीला यातले काहीच करावे लागले नाही. तिची काठी आखूडच होती, त्यामुळे ती पहिल्यापासून जवळच टाकत होती. काकांनी तिला पिचिंगच्या दोन दगडांमधली एक जागा दाखवली होती. कणकेचा गोळा, हळद घातलेला. साडेनऊपर्यंत तिच्या जाळीत चार मृगल होते.

समोरच्या काठावर सहा जण आरामात बसले होते. त्यांनी थर्मास उघडले होते. मासा नव्हता.

जाळे

दहाच्या सुमारास वाऱ्याचा जोर वाढला. संस्थेच्या दोघांनी आदल्या संध्याकाळी शिंगाड्याच्या वेलांपलीकडे उभी जाळी लावली होती. वाऱ्याने जाळ्याची एक बाजू सुटली आणि ते वाहत पाळीच्या उत्तर टोकाला, बुडालेल्या बुंध्यांकडे जाऊ लागले. दोघे जण डोंग्यातून ते सोडवायला निघाले, पण लाटांमुळे डोंगा आडवा होत होता. काका पाळीवरून ओरडत धावले.

जाळे म्हणजे या कुटुंबांचे दुकान. ते बुंध्यांत अडकून फाटले तर नव्या जाळ्याचा खर्च आणि हंगामातले कितीतरी दिवस जातात. आमच्यातले चार-पाच जण काठ्या ठेवून धावले. डोंग्यातून फेकलेला दोर धरला, आणि काका सांगतील तसे ओढत, सोडत, पुन्हा ओढत जाळे बुंध्यांपासून बाजूला आणले. पाऊण तास गेला. दोन ठिकाणी फाटले, पण जाळे वाचले. डोंगाही सुखरूप काठाला लागला.

इकडे एक पेच उभा राहिला. शिट्टी वाजली नव्हती. जे जाळ्याकडे धावले त्यांचे गळ पाण्याबाहेर होते, आणि जे जागेवर बसून राहिले, त्यातल्या एकाने त्या पाऊण तासात दोन रोहू धरले होते. स्पर्धा थांबली होती की चालू होती? मामूंनी दोन्ही बाजू ऐकल्या. एकाचे म्हणणे, नियमात थांबण्याचे काही लिहिलेले नाही. दुसऱ्याचे म्हणणे, मदतीला गेल्याबद्दल तोटा कसा व्हावा? शेवटी ज्यांनी ते दोन रोहू धरले होते, तेच उठून म्हणाले, “हे दोन माझ्या वजनात धरू नका. मला तिकडे जायला हवे होते.” त्यावर वाद संपला. मामूंनी पाऊण तास पुढे वाढवून दिला आणि त्याच दिवशी वहीत चौथा नियम लिहिला: पाण्यावर कोणी अडचणीत असेल तर शिट्टी आपोआप झाली असे समजावे.

वजनकाटा

पावणेदोनला शेवटची शिट्टी झाली. जोहरची नमाज पाळीवरच जमातीने झाली. वाऱ्याने चटई उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावे लागले. मग वजन.

भाई पहिले, 9.6 किलो. भाची दुसरी, 7.2 किलो. पाळीवरच्या बाकी चौघांचे 6.1, 4.3, 2.5 आणि 1.3. म्हणजे पाळीवरच्या सहा जणांचे मिळून 31 किलो. आडोशाच्या सहा जणांचे मिळून 7 किलो. त्यातल्या तिघांची जाळी कोरडीच होती. काकांनी सकाळी माती उडवून जे सांगितले होते, ते काट्यावर असे उमटले.

सगळे मिळून 38 किलो झाले, त्यात न मोजलेले दोन रोहू वेगळे. संस्थेशी ठरलेल्या किलोला दीडशे रुपयांच्या दराने 5700 रुपये, शिवाय बारा काठ्यांची फी 3600. त्या दोन रोहूंची किंमत धरणाऱ्याने स्वतः वेगळी दिली. जाळ्याच्या दुरुस्तीसाठी काही देऊ का, असे आम्ही विचारले. काका म्हणाले, “दोर ओढला ना तुम्ही, झालं.” आमच्यातल्या दर्जींनी मात्र पुढच्या आठवड्यात जाऊन जाळ्याला टाके घालायला हात लावला, आणि जाळे विणायची गाठ शिकून आले.

या हिशेबाकडे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले. आमच्याकडे रॉड, रीळ, तयार चारा होता. मोबाइलवर वाऱ्याचा वेग आणि दिशाही दिसत होती. तरी मासा कुठे असेल हे मूठभर मातीने सांगितले, आणि ती माती ज्या हातात होती त्या माणसाचे घर त्याच तलावावर चालते. आपल्या जिल्ह्यातले हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नाही. ते ऐकायला तलावावर जावे लागते आणि आधी सलाम-नमस्कार करावा लागतो.

घरी आलेला मासा

स्पर्धा संपली तरी घरच्या बायकांचे काम बाकी असते, असे अनेक घरांत होते. आमच्याकडे नियम आहे की, मासा जो आणील तो साफ करून देईल. तलावाच्या माशाला, विशेषतः मृगलला, मातीचा वास येतो. खवले आणि कल्ले पूर्ण काढावेत, पोटातली काळी पातळ त्वचा खरवडून टाकावी, तुकड्यांना मीठ, हळद आणि लिंबू किंवा थोडे बेसन चोळून अर्धा तास ठेवावे आणि दोन पाण्यांनी धुवावे. वास बहुतेक जातो. रोहू आणि मृगलला बारीक काटे फार. लहान मुलांना पोटाकडचा तुकडा द्यावा, शेपटीकडचा नको. कतल्याचे डोके रश्श्यात उत्तम लागते. एकदम जास्त मासा आला तर शेजारी वाटावा. त्या दिवशी आमच्या गल्लीत अकरा घरांत रस्सा शिजला, त्यातली चार घरे बिगर-मुस्लिम शेजाऱ्यांची होती.

जाणार असाल तर

हिवाळ्याच्या सुटीत अनेक वाचकांची मुले काठी घेऊन तलावावर जाण्याचा हट्ट करतील. जरूर जाऊ द्या, पण सोबत जा. रावणवाडी असो, चांदपूर असो, शिवनीबांध असो, की गावाबाहेरचा बिननावाचा मामा तलाव, आधी ठेका कोणाचा आहे हे विचारा आणि परवानगी घ्या. गोसेखुर्दच्या फुगवट्यात अनेक ठिकाणी पाण्याखाली झाडे आणि जुनी बांधकामे आहेत. तिथे पाण्यात उतरू नका.

वाऱ्याच्या दिवशी डोंग्यात बसू नका, कितीही आग्रह झाला तरी. पाळीचे ओले दगड शेवाळाने निसरडे असतात, मुलांच्या पायात पकड असलेले बूट हवेत. सांडव्याजवळ आणि पाणी सोडायच्या तोंडाजवळ मुलांना फिरकू देऊ नका. रॉड कार्बनचा असेल तर तो विजेचा वाहक असतो, म्हणून वरून गेलेल्या तारांखाली गळ फेकू नका आणि ढग गडगडले की रॉड खाली ठेवून पाळीवरून उतरा. शिंगाड्याच्या वेलांत गळ टाकू नका; तेही कोणाचे तरी पीक आहे. तुटलेला तंगूस गोळा करून घरी आणा. हिवाळ्यात आपल्या तलावांवर लांबून पाहुणे पक्षी येतात आणि हा तंगूस त्यांच्या पायांना गुंडाळतो.

आणि वारा सुटला म्हणून घरी परतू नका. वीज आणि पाऊस नसेल, तर तोंडावर वारा घेऊन, गार बोटांनी, पाळीवर दोन तास बसा. शेजारी संस्थेचे कोणी काका बसले असतील, तर काठी बाजूला ठेवून आधी त्यांना विचारा की आज पाणी काय म्हणते. मुलांनाही तोच प्रश्न विचारायला लावा.